अरबी कलाकारांचा नाताळचा कार्यक्रम: गाणी, विनोद आणि आपली मंडळं

वाटसरू:
परदेशातल्या मराठी मंडळांनी वर्षअखेरीचा कार्यक्रम कसा करावा हे अरबी स्थलांतरितांकडून शिकावं, असं माझं ठाम मत झालंय. कारण सांगतो.

गेल्या डिसेंबरात न्यू जर्सीतल्या एका छोट्या सभागृहात असा कार्यक्रम बघितला. ओळीत खुर्च्या नाहीत, गोल टेबलं. टेबलावर पाव, हुमूस, ऑलिव्ह. मंचावर ऊद आणि कानून ही अरबी तंतुवाद्यं, व्हायोलिन, दरबुका नावाचा ढोल आणि एक कीबोर्डवाला. गायिका लेबनॉनहून आलेली ख्रिश्चन, तालवादक इजिप्तचा मुसलमान, आणि मधेमधे येऊन हसवणारी मुलगी पॅलेस्टिनी आईवडिलांच्या पोटी इथेच जन्मलेली. सुरुवात 'जिंगल बेल्स'च्या चालीवरच्या अरबी गाण्यानं झाली. लेबनीज गायिका फैरूझनं गायलेलं ते गाणं बैरुतपासून दमास्कसपर्यंत घराघरांत वाजतं म्हणे. हिजाब घातलेल्या आज्या आणि गळ्यात क्रॉस घातलेल्या आज्या एकाच सुरात गात होत्या. मग ती मुलगी आली आणि हॉटेलात बिल कोण भरणार यावरून दोन काकांची कशी झोंबाझोंबी होते ते करून दाखवलं. एक काका स्वच्छतागृहाच्या बहाण्यानं उठून गुपचूप काउंटरवर पैसे देऊन येतो, आणि दुसरा ते कळल्यावर वर्षभर अबोला धरतो! माझी बायको हसून हसून रडली, कारण हे तिच्या माहेरी दर दिवाळीला घडतं.

दीड-दोन तासांत नाताळ, ईद, नवं वर्ष सगळं येऊन गेलं, पण 'आपण सारे एक' छापाचं भाषण कुणीही ठोकलं नाही. शेवटी दबके नावाच्या नाचाचा फेर धरला तेव्हा आम्हालाही ओढून नेलं.

प्रश्न दोन. हा प्रकार नवा आहे की त्यांची जुनी परंपरा आहे? आणि आपल्या मंडळांना हे जमेल का? की मुलांची नाचगाणी, ऑर्केस्ट्रा आणि आभारप्रदर्शन याच चाकोरीत राहायचं?

चहाबाज:
दुसऱ्या काकाचा अबोला आमच्या घरी अजून चालू आहे. धागा भारी, रुमाल टाकून ठेवतो.

कैरी_पन्हं:
वाटसरू, टेबलांचा मुद्दा लिहिलात हे फार बरं केलंत. आमच्या मंडळात शाळेचं सभागृह घेतात. पहिली ओळ मंचापासून वीस फुटांवर, दिवे मालवलेले. विनोद करणाऱ्याला माणसांचे चेहरेच दिसत नाहीत. बिचारा कितीही चांगला असला तरी पडतो. मग समिती ठरवते की आपल्या लोकांना विनोद आवडत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ऑर्केस्ट्रा. जेवणाचं तेच. मध्यंतरात वडापावसाठी रांग लागते आणि निम्मा उत्तरार्ध बाहेर गप्पांत जातो. खाणं टेबलावर आलं की माणूस बसून राहतो.

स्पष्टवक्ता:
कार्यक्रम चांगला झाला असेल, पण मला या 'बहुसांस्कृतिक' प्रकाराची धास्ती वाटते. थोडा नाताळ, थोडी ईद, थोडे विनोद. अशानं कशाचीच खोली राहत नाही. अनुदान देणाऱ्या संस्थांना हेच हवं असतं, म्हणून कलाकार तसं बांधून देतात. दुसरं म्हणजे २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेतल्या अरबी विनोदवीरांवर 'बघा, आम्ही निरुपद्रवी आहोत' हे सिद्ध करण्याचं ओझं येऊन पडलं. विमानतळावरच्या तपासणीचा विनोद किती वर्षं ऐकायचा? हसणारा गोरा प्रेक्षक सुटका झाल्यासारखा घरी जातो आणि तपासणी तशीच चालू राहते.

सुमेधा_मिशिगन:
वाटसरू, परंपरा जुनी आहे, चांगली शंभर वर्षांची. मी डिअरबॉर्नजवळ राहते. डिअरबॉर्न हे अमेरिकेतलं अरबी बहुसंख्या असलेलं शहर. २००५ साली तिथे अरब अमेरिकन नॅशनल म्युझियम उघडलं. जमलं तर नक्की बघा.

१८८० नंतर माउंट लेबनॉन आणि तेव्हाच्या सीरिया प्रांतातून जे लोक आले त्यांतले बहुतेक ख्रिश्चन होते. त्यांची वस्ती खालच्या मॅनहॅटनमध्ये वॉशिंग्टन स्ट्रीटवर होती, तिला 'लिटल सीरिया' म्हणत. १९४० च्या दशकात ब्रुकलिन-बॅटरी बोगद्याच्या कामात तिचा मोठा भाग पाडला गेला आणि लोक ब्रुकलिनच्या अटलांटिक ॲव्हेन्यूवर सरकले. या लोकांत 'हफला' चाले, म्हणजे जेवण, गाणं, नाच आणि बहुतेकदा चर्चसाठी निधी. उन्हाळ्यात उघड्यावर दोनतीन दिवसांचे 'महरजान' भरत. १९५०-६० च्या सुमारास मॅनहॅटनच्या आठव्या ॲव्हेन्यूवर रात्रीचे क्लब निघाले. तिथे अरबी, ग्रीक, आर्मेनियन आणि तुर्की वादक एकाच मंचावर बसायचे. ब्रुकलिनमध्ये जन्मलेला सीरियन वंशाचा एडी कोचाक आणि बगदादहून आलेला ज्यू व्हायोलिनवादक हक्की ओबादिया या जोडीनं तर अरबी-अमेरिकन मिश्रणाच्या तबकड्याच काढल्या. तेव्हा अनुदान देणारं कुणी नव्हतं, स्पष्टवक्ता. एका गल्लीत राहणारे लोक एकत्र वाजवत होते, एवढंच.

विनोदाचंही तसंच. डॅनी थॉमस हा विनोदी नट लेबनीज मॅरोनाइट, म्हणजे ख्रिश्चन, घरातला. १९५३ ते १९६४ त्याची मालिका टीव्हीवर होती आणि तिच्यात लेबनीज काका हे पात्र होतं. त्याच माणसानं १९६२ साली मेम्फिसला लहान मुलांचं सेंट ज्यूड हॉस्पिटल उभं केलं. त्यासाठी लागणारा पैसा त्यानं १९५७ पासून लेबनीज आणि सीरियन वंशाच्या लोकांना एकत्र करून गोळा केला. पुढे २००३ मध्ये डीन ओबेदल्ला आणि मेसून झायेद यांनी न्यूयॉर्कला अरबी-अमेरिकन विनोदाचा महोत्सव सुरू केला. मेसूनला सेरेब्रल पाल्सी आहे आणि ती त्यावर मंचावर बेधडक बोलते. ती निरुपद्रवी वगैरे अजिबात नाही, एकदा ऐकाच.

चहाबाज:
सुमेधाताई, या प्रतिसादाचा वेगळा लेख करा. विनंती नाही, आग्रह आहे.

जुना_रसिक:
सुमेधाताईंनी अमेरिकेची बाजू मांडली, मी कैरोची मांडतो. मुळं तिथे आहेत.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कैरोच्या इमाद अल-दीन रस्त्यावर नाटकघरं आणि गाण्याच्या 'साला' होत्या. नगीब अल-रिहानी हा नट तिथे 'किश किश बे' नावाचा गावचा मुखिया रंगवायचा. शहरात येऊन पैसे उधळणारा, बायकांमागे धावणारा आणि शेवटी फसणारा. रिहानीचे वडील मूळचे इराकी. त्याच्या नाटकमंडळीसाठी सय्यद दरवेशनं चाली बांधल्या. हमाल, पाणके, टांगेवाले यांच्या बोलीतली गाणी. १९२३ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी दरवेश गेला, पण आजही इजिप्तमध्ये त्याच्या चाली सगळ्यांना पाठ आहेत. १९२६ मध्ये बदिया मसाबनीनं कैरोत आपली साला काढली. ती दमास्कसची. गाणं, नाच, विनोदी प्रवेश, परत गाणं असा तिथला क्रम. सीरियातून निर्वासित होऊन आलेला फरीद अल-अत्रश तिथे गायला. म्हणजे अरबी कॅबरेचा पायाच स्थलांतरितांनी घातला, आणि त्यात मुसलमान, ख्रिश्चन, ज्यू, द्रूझ (तिकडचा एक छोटा धर्मपंथ) सगळे होते.

आता आपल्याकडे बघा. १८८० साली किर्लोस्करांचं शाकुंतल, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी. काळ जवळपास तोच, आणि गाण्यासाठी जीव टाकणारा प्रेक्षकही तसाच. कैरोचा श्रोता ओळ संपल्यावर 'अल्लाह!' म्हणतो आणि गायक तीच ओळ पुन्हा वेगळ्या वळणानं घेतो. आमच्या आजोबांच्या पिढीत 'वन्समोअर'वर पद पाचपाच वेळा व्हायचं, ते हेच.

आणि वाटसरूंच्या प्रश्नाचं उत्तर तर तमाशात आहे. गण, गवळण, बतावणी, वग. बतावणी म्हणजे दुसरं काय? दोन माणसं उभ्या उभ्या गावातल्या प्रत्येकाची फिरकी घेतात आणि मागे ढोलकीवाला तयार बसलेला असतो. विनोद आणि गाणं वेगळं काढायची सवय आपल्याला शहरी सभागृहांनी लावली.

कैरी_पन्हं:
बतावणीच्या मुद्द्याला शंभर वेळा अनुमोदन.

शततंत्री:
थोडं संगीताबद्दल. नाताळची पाश्चात्त्य गाणी अरबी मैफिलीत इतकी सहज का बसतात? मकाम म्हणजे अरबी संगीतातला आपल्या रागासारखा प्रकार. त्यातला 'अजम' मकाम आपल्या बिलावलच्या, म्हणजे पाश्चात्त्य मेजरच्या जवळचा. 'जिंगल बेल्स' त्यात जशीच्या तशी बसते. खरी मजा पुढे येते. चांगला ऊदवादक त्या ओळीनंतर थोडी मोकळी तकसीम, म्हणजे आपल्या आलापीसारखी फिरत, घेतो आणि हळूच 'हिजाझ'मध्ये शिरतो. हिजाझचे खालचे चार स्वर म्हणजे भैरवचे सा रे ग म: कोमल रिषभ, शुद्ध गंधार. श्रोत्याला कळायच्या आत नाताळची संध्याकाळ कैरोत पोचलेली असते. मग 'बयाती' आला की त्यातला दुसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधला. साध्या कीबोर्डवर तो नाहीच, म्हणून अरबी कीबोर्डवाले चौथाई स्वर लावायची सोय असलेलं वाद्य घेतात. वाटसरू, पुढच्या वेळी त्याच्या डाव्या हाताकडे बघा. गाण्याच्या मधे बटणं दाबून तो स्वर बदलत असतो.

गॅलिलीतल्या तरशिहा गावचा सिमोन शाहीन १९८० साली न्यूयॉर्कला आला. ऊद आणि व्हायोलिन दोन्हींत उस्ताद. त्यानं १९९७ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये अरबी संगीताचं उन्हाळी निवासी शिबिर चालवलं. अरबी नसलेले शेकडो लोक तिथे शिकले. स्पष्टवक्ता, खोली अशा ठिकाणी तयार होते. कार्यक्रम त्या खोलीवर उभा असेल तर त्यात नाताळ-ईद-विनोद असं काहीही मिसळा, तो उथळ होत नाही. खाली खोलीच नसेल तर नुसता शुद्ध कार्यक्रमही पोकळच.

पोटभरू:
टेबलावर नुसतं हुमूस? गोड काय होतं ते वाटसरूंनी लिहिलंच नाही!

डिसेंबरात तिकडे दोन पदार्थ हवेतच. ४ डिसेंबर हा संत बार्बराचा सण. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईनमधले ख्रिश्चन त्या दिवशी अख्खे गहू शिजवून त्यात साखर, बडीशेप, दालचिनी, वर डाळिंबाचे दाणे आणि सुकामेवा घालतात. आपली खपली गव्हाची खीर दूध न घालता केली तर जशी होईल तशी. दुसरा 'मघली'. तांदळाच्या पिठाची मसालेदार खीर, वरून भिजवलेले अक्रोड-बदाम. लेबनॉनमध्ये घरी बाळ जन्मलं की मघली करतात आणि नाताळलाही करतात, कारण त्या दिवशीही बाळ जन्मलेलं असतं! आणि खजूर भरलेला मामूल ईदलाही लागतो आणि ईस्टरलाही, साचा एकच. इजिप्तच्या कॉप्ट लोकांचा नाताळ ७ जानेवारीला येतो, त्यामुळे त्यांच्या ओळखीत असाल तर फराळ दोनदा मिळतो.

वाटसरू:
पोटभरू, मघली होती! नाव आत्ता कळलं. मी दोन वाट्या खाल्ल्या.

गोदाकाठ:
सगळे अमेरिका आणि कैरोबद्दल बोलतायत, पण अरबी स्थलांतरित कलाकार आपल्या मराठवाड्यातही आहेत की. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौतमधून अरब आले. त्यांचे वंशज चाऊश आजही नांदेड, औरंगाबाद, हैदराबाद भागात आहेत. लग्नाच्या वरातीत मरफा वाजतो, तो त्यांचाच. ढोल, ताशासारखी खणखण, आणि तरुण पोरं खंजीर किंवा काठ्या घेऊन नाचतात. हैदराबादेत मरफा हिंदूंच्या मिरवणुकीतही वाजतो. आमच्या गल्लीतले चाऊश चाचा मराठी इतकी ठसक्यात बोलायचे की नवा माणूस त्यांना देशमुख समजायचा. रमजानात हरीसचा (गहू आणि मटण घोटून केलेल्या पदार्थाचा) डबा हटकून यायचा आणि संक्रांतीला आमच्याकडून तिळगूळ जायचा. ते किस्से सांगत तेव्हा ओटा भरून जायचा. त्यांना मंच मिळाला असता तर वाटसरूंच्या त्या मुलीसारखे गाजले असते.

आगाशीकर:
गोदाकाठ, फार छान लिहिलंत. मी वसईचा, कुपारी ख्रिश्चन. वाटसरूंच्या वर्णनातली क्रॉसवाली आजी आणि हिजाबवाली आजी एकाच भाषेत गातात, हे वाचून मला आत कुठेतरी लागलं. कारण मराठीतही हे आहे, फक्त आम्हाला कुणी मंडळात बोलावत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नंतर ख्रिस्तावर अभंग आणि भजनं लिहिली. मराठी चर्चमध्ये ती टाळ-पेटीवर गातात. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली: पूर्वरंग, उत्तररंग, आर्या, साकी, सगळं जागच्या जागी. इस्राएलला गेलेल्यांनी ती जपली. बार्शीच्या शाहीर अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफावर मैदानं हलवली. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आमच्या वसईचे फादर दिब्रिटो होते. म्हणजे तुम्ही अरबांकडून जे शिकू म्हणताय त्याचा सगळा ऐवज घरातच आहे. नाताळच्या आसपास मंडळाचा कार्यक्रम ठेवता ना? मग एक कुपारी गाणं ठेवा. आमच्या लग्नांतली गाणी ऐकली तर थट्टा-मस्करीही त्यातच मिळेल.

कैरी_पन्हं:
आगाशीकर, तुमचा प्रतिसाद मी आमच्या समितीच्या गटावर टाकला आहे. कुपारी गाण्यांसाठी कुणाशी बोलायचं ते व्यक्तिगत निरोपातून कळवा, प्लीज.

स्पष्टवक्ता:
शततंत्री आणि सुमेधाताई, मुद्दे पटले. अनुदानाचा आक्षेप मी मागे घेत नाही, पण परंपरा त्याच्या आधीची आहे हे मान्य. एक मात्र मनापासून विचारतो, टोमणा समजू नका. गाझात जे घडलं त्यानंतर हे कलाकार सणाच्या कार्यक्रमात हसवतात कसे? मला तर ऐकताना अपराधी वाटेल.

सुमेधा_मिशिगन:
हा प्रश्न त्यांच्यातही आहे आणि भांडणंही झाली आहेत. २०२३ आणि २०२४ मध्ये खुद्द बेथलेहेमनं नाताळची रोषणाई आणि उत्सव रद्द केले, फक्त प्रार्थना ठेवल्या. २०२३ ला तिथल्या लुथेरन चर्चनं येशूचा पाळणा दगडविटांच्या ढिगाऱ्यात मांडला होता. माझी शेजारीण रामल्लाची. तिनं त्या वर्षी झाडही सजवलं नाही. पण डिसेंबरात एका घरगुती हफलेला ती गेली. मी विचारलं तर म्हणाली, "रडायला एकटी बसले तर वेडी होईन. तिथे रडले आणि हसलेही." त्या डिसेंबरात कुणी कार्यक्रम रद्द केला, कुणी कार्यक्रम करून सगळे पैसे मदतीला दिले, कुणी निम्मा वेळ फक्त शोकगीतं गायली. बाहेर बसून आपण कुणालाही चूक म्हणू नये, असं मला वाटतं.

स्पष्टवक्ता:
पटलं. आभारी आहे.

शततंत्री:
विनोदाबद्दल अजून एक. त्यांचे सगळे विनोद विमानतळाचे नसतात. मी ऐकलेला सर्वांत धारदार तुकडा जनगणनेच्या अर्जावर होता. १९१५ साली जॉर्ज डाऊ नावाच्या सीरियन माणसाच्या खटल्यात कोर्टानं ठरवलं की सीरियन लोक 'गोरे' आहेत, म्हणून नागरिकत्व मिळू शकतं. आठ वर्षांनी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की भारतीय मात्र नाहीत. पुढे अरबांना अर्जात गोऱ्यांच्याच रकान्यात खूण करावी लागायची. मध्यपूर्वेचा वेगळा रकाना मंजूर व्हायला २०२४ उजाडलं. तो विनोदवीर म्हणाला, "अर्ज भरताना मी गोरा, घर भाड्यानं घेताना अरब. माझा रंग टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलोय त्यावर ठरतो." शेजारचा अमेरिकन हसता हसता गप्प झाला होता.

चहाबाज:
हे वाचून मीही गप्प झालो.

वाटसरू:
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण आमची समिती पुढच्या आठवड्यात बसतेय. मी हे मांडणार: छोटं सभागृह आणि गोल टेबलं. जुना_रसिक म्हणतात तशी दोघांची बतावणी, विषय आपलेच: ग्रीन कार्डची वाट बघणारा जावई, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, थंडीत पेटवायची की नाही या वादातली हीटिंग. पेटी-तबल्याबरोबर एक ऊदवाला पाहुणा. आगाशीकरांच्या ओळखीनं कुपारी गाणी, शक्य झालं तर टिळकांचं एक भजन. एक अडचण सुटत नाही. त्या मुलीनं विनोद इंग्रजीत केले आणि गाणी अरबीत झाली, म्हणून तिथली तरुण पोरं शेवटपर्यंत बसली. आमच्यातले ज्येष्ठ म्हणणार की विनोद मराठीतच हवा.

गोदाकाठ:
मराठीतच ठेवा. पोरांना घरातली भांडणं मराठीतच कळतात, मग विनोद का नाही कळणार?

कैरी_पन्हं:
मला नाही पटत. इथे वाढलेल्या मुलांपैकीच एकाला बतावणीत उभं करा. तो त्याच्या मोडक्या-तोडक्या मराठीत आणि इंग्रजीत बोलू दे, समोर एक आजोबा शुद्ध मराठीत उत्तर देऊ देत. दोघांचं भाषेवरून भांडण हाच विनोद. आमच्याकडे एका पिकनिकला असं आपोआप झालं होतं, लोक अजून आठवण काढतात.

जुना_रसिक:
कैरी_पन्हं, याला म्हणतात बतावणी! आजोबांच्या भूमिकेसाठी मी तयार आहे, फक्त फिलाडेल्फियाहून आणा-सोडायची सोय करा.

पोटभरू:
मघलीची पाककृती मी टाकतो. तांदळाचं पीठ सतत ढवळावं लागतं, गुठळ्या होतात. शंभर माणसांची करायची तर चार जण आळीपाळीनं लागतील. नावं इथेच द्या.

चहाबाज:
एक मी.

आगाशीकर:
दुसरा मी, आणि ढवळताना गाणं मी म्हणणार.